१९७९ च्या पद्मिनीत ब्लूटूथवाला डेक: कामाच्या नोंदी

रविवार, १४ जानेवारी २०२४

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९७९. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगवर, पुढे सलग बाकडं. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नाही, जुना डायनामो.

बाबांची मागणी अशी की मंडईत जाताना आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या बातम्या लागल्या पाहिजेत. म्हणजे मिडियम वेव्ह (डेकवर 'एएम' लिहितात ते), ७९२ किलोहर्ट्झ. मला फोनवरची गाणी ब्लूटूथने हवीत. दोघांची अट एकच. डॅशबोर्डचा पत्रा कापायचा नाही आणि दारांना भोकं पाडायची नाहीत. मी आजवर दोन स्कूटरचं वायरिंग केलंय, चारचाकीचं हे पहिलंच. अंदाज धरलाय एक रविवार आणि सात हजार रुपये.

आज फक्त काढाकाढ केली. पाय मागच्या सीटवर आणि डोकं क्लचच्या पेडलखाली अशी तीन तास उताणी पडून होते. पुढचं बाकडं सोडवून सरळ अंगणात ठेवता येतं हे चौथ्या तासाला सुचलं. तुम्ही पहिलं ते करा.

डॅशखाली नव्वदच्या दशकातला कॅसेट प्लेयर दोन पत्र्याच्या पट्ट्यांवर लोंबत होता. पंधरा वर्षं तो मुका आहे. त्याच्या मागे सात वायरी निघाल्या, सातही लाल. त्यांतली एक कुठेच जात नव्हती, नुसती हवेत टोक करून उभी, आणि तिच्यात बारा व्होल्ट जिवंत! टोकावरच्या चिकटपट्टीचा गोंद वितळून काकवीसारखा झाला होता. इतकी वर्षं ती पत्र्याला टेकली नाही हे आमचं नशीब.

फ्यूजच्या डबीत एक फ्यूज कधीचाच गेलेला, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळलेली. बाबा सिगारेट ओढत नाहीत. कुणा वायरमनची कृपा.

ग्लोव्ह बॉक्सच्या तळाशी पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं. पूर्वी रेडिओ बाळगायला पोस्टात वर्षाची फी भरावी लागायची. बाबांनी ते चष्मा लावून पानन् पान बघितलं आणि कपाटात नेऊन ठेवलं. त्यात त्यांचा अर्धा तास आणि माझा चहा झाला.

चूक क्रमांक एक: वायर कापण्याआधी तिच्यावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावायची असते. मला ते दोन वायरी कापल्यावर आठवलं. त्यांतली एक मीटरच्या दिव्याची निघाली.

रविवार, २१ जानेवारी

डेक, म्हणजे गाडीचा रेडिओ-स्टिरिओ, आणला, ५,४०० रुपये. सीडीचं यंत्र नसलेला घेतला, त्यामुळे मागची खोली कमी, जेमतेम दहा सेंटिमीटर. पुढचं माप सगळ्या एकपट्टी डेकचं सारखंच असतं, १८० बाय ५० मिलिमीटर. दुकानात तीन डेक बघितले, त्यांतल्या दोघांत एएमच नव्हतं. खोक्यावर 'रेडिओ' लिहिलेलं असतं तेवढं. विक्रेता म्हणाला, "एएम कोण ऐकतं, मॅडम?" मी बाबांचं नाव सांगितलं नाही. बँडचं बटण दाबून एएम येतंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडीत घालण्याआधी गॅलरीत बॅटरीवर जोडून बघितला. ही युक्ती स्कूटरवर शिकलेली: बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सलग घालायचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि डेक वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद किंवा विझलेला राहतो. माझा विझलेला राहिला.

बाजारातल्या बहुतेक डेकांचे रंग असे: पिवळी कायमची बॅटरी, लाल चावीवरची, काळी अर्थ, निळी मोटरवाल्या अँटेनाची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या, आणि काळी रेघ असलेली त्यांची जोडीदार. तरी डेकवरचा कागद वाचाच.

मग एक तास वेगळाच गेला. विविध भारती १०१ वर लागेना. बटण दाबलं की १००.९, पुढचं दाबलं की १०१.१. एएमवर ७९० ला घरघर आणि तिच्यामागून कुणीतरी बोलतंय एवढंच. मला वाटलं, डेक खराब. परत न्यायला खोक्यात भरलासुद्धा. भाचा आला, त्याने मेनू चाळला आणि 'यूएसए' लिहिलेलं दाखवलं. अमेरिकेत एएम दहा-दहा किलोहर्ट्झच्या पायरीने आणि एफएम दशांश दोनाच्या पायरीने चालतं. आपलं मिडियम वेव्ह नऊच्या पाढ्यावर बसतं: पुण्याचं ७९२, मुंबईचं ५५८ आणि १०४४, सगळ्यांना नऊने भाग जातो. प्रदेश 'युरोप' केला आणि १०१ खणखणीत लागलं. एएम घरात नीट येत नाही, एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर असते. त्यासाठी गाडीच हवी.

रविवार, २८ जानेवारी

नऊ मिलिमीटर प्लायची पेटी केली, वर काळं रेक्झिन, आणि कॅसेट प्लेयरच्या पट्ट्यांच्या जुन्याच भोकांवर टांगली. नवं भोक एकही नाही. पेटी सुरेख झाली. गिअर खाली ओढला आणि बोटांची पेरं तिच्यावर आपटली. सहा सेंटिमीटर डावीकडे सरकवली तर बाबांचा गुडघा लागतो. शेवटी तळ तिरका कापून पेटी मागे कलती केली. पत्र्यापुठ्ठ्याचं नुसतं खोकं टांगून आधी गाडी चालवून बघितली असती तर प्लाय दोनदा कापावं लागलं नसतं.

संध्याकाळी मागच्या शेल्फवरचे जुनेच स्पीकर तात्पुरते जोडले. जुन्या वायरी आहेतच, कशाला नव्या ओढा, हा विचार. डेक सुरू झाला, दोन सेकंद गाणं वाजलं आणि पडद्यावर 'प्रोटेक्ट'. बंद केला, चालू केला, परत 'प्रोटेक्ट'.

कारण जुन्या प्लेयरच्या पद्धतीत होतं. प्रत्येक स्पीकरला एकच वायर आणलेली, दुसरं टोक तिथेच डिक्कीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेलं. जुन्या टेपना ते चालायचं. नव्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा डेकमधून येतात, काळ्या रेघेचीसुद्धा, आणि दोन्हींवर ताकद असते. तिला बॉडीला टेकवणं म्हणजे आउटपुट शॉर्ट करणं. माझा डेक शहाणा निघाला, त्याने स्वतःला बंद केलं. सगळेच तेवढे शहाणे नसतात. उंबऱ्यावरच्या पट्टीखालून प्रत्येक स्पीकरला नवी जोडी ओढली. तीन तास, आणि गालिच्याखाली एक आठ आणे.

रविवार, ४ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण ही चूक कुठेही इशारा म्हणून लिहिलेली मला सापडली नव्हती. उलट सल्ला मात्र सापडला होता: आवाज स्वच्छ हवा तर डेकची पिवळी आणि काळी, दोन्ही थेट बॅटरीवर न्या. मी अगदी शिस्तीत नेल्या. पिवळीवर बॅटरीपासून एक वीत अंतरावर दहा अँपिअरचा फ्यूज. काळीवर काही नाही, अर्थला कोण फ्यूज लावतं?

अँटेना मडगार्डवरची जुनीच, ओढून लांब करायची. तिचा प्लग डेकच्या मागे बसला. वायरी झिप टायने बांधल्या. मी टॉर्च घेऊन डॅशखाली, बाबा स्टीअरिंगवर. म्हटलं, "मारा स्टार्टर."

स्टार्टर नेहमीसारखा जड फिरला, 'घुर्र... घुर्र'. त्याच क्षणी माझ्या नाकापाशी जळक्या प्लास्टिकचा वास. टॉर्च फिरवला तर डेकची काळी वायर तळणीतल्या पापडासारखी फुगत होती, फोडावर फोड. मी ओरडले, "बाबा, सोडा! सोडा चावी!" बाबांनी चावी सोडली आणि फुगणं थांबलं. सगळं मिळून तीन सेकंद. अँटेनाच्या प्लगला हात लावला तर चटका बसला.

पिवळीचा फ्यूज शाबूत होता. म्हणजे आग पॉझिटिव्हकडून आलीच नव्हती. पुढचे दोन तास मी स्टार्टरला, चावीला, डेकला आळीपाळीने शिव्या दिल्या. मग मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरं बॉडीच्या पत्र्यावर. बाबांनी परत स्टार्टर मारला, डेकची काळी अर्थातच सोडलेली. काटेवाला मीटर आहे, काटा २.८ व्होल्टवर गेला. तो शून्यापाशी राहायला हवा.

बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी नावापुरतीच उरली होती. बोल्टखाली गंज, त्यावर रंग, त्यावर परत गंज. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट इंजिनातून बॉडीत आला, पण बॉडीतून बॅटरीकडे परतायला वाट नव्हती. मी त्याला नवी कोरी वाट करून दिली होती: बॉडी, अँटेनाच्या वायरीवरची तारांची जाळी, डेकचा पत्रा, काळी वायर, बॅटरी. सगळा ओघ त्या दीड मिलिमीटरच्या वायरीतून.

डेक चालू होतो. ब्लूटूथ वाजतं. रेडिओ मात्र मुका, दोन्ही बँड.

बाबा आत जाऊन म्हणाले, "थंडीने स्टार्टर जड फिरतो म्हणून मी दोन वर्षं बॅटरीवाल्याशी भांडतोय."

बुधवार, ७ फेब्रुवारी

ऑफिसमधून लवकर निघून बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. दुरुस्तीवाल्याने डेक उघडला आणि नुसत्या डोळ्यांनी दाखवलं: अँटेनाच्या सॉकेटपासून निघणारी छापील सर्किटची पट्टी काळी होऊन उडाली होती. त्याने तिथे तांब्याच्या तारेचा पूल टाकला, सोल्डर केलं, सोबत काळी वायर नवी. ३५० रुपये, वीस मिनिटं. म्हणाला, "आवाजाचा आयसी गेला असता तर खर्च वाढला असता." गल्लीतून निघताना मोह होऊन ॲम्प्लिफायरची जाड वायर किट घेतली, ९०० रुपये. ती आजतागायत वापरलेली नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

नाना पेठेतले एक जुने वायरमन, सगळे त्यांना चाचा म्हणतात, घरी यायला तयार झाले. टॅक्सी आणि फियाटी यांवरच त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी माझी पेटी बघितली, डेक बघितला, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ताई, रेडिओ नंतर. आधी गाडीला जमीन दाखवा."

दिवसभर रेडिओला हात लावला नाही. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी काढली तर आतल्या तारांतल्या निम्म्या हिरव्या भुकटीसारख्या गळून पडल्या. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली पट्टी आख्खी होती, पण तिच्या बोल्टखाली कुणीतरी अंडरकोटिंग मारलं होतं, डांबरासारखं. दोन्ही पट्ट्या नव्या, विणलेल्या तांब्याच्या. बसायच्या जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासल्या, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी नाही. मी आधी लावायला गेले तर चाचांनी हात धरला.

हेडलाइटच्या, टेललाइटच्या आणि डायनामोच्या कटआउटच्या (डायनामो आणि बॅटरी आपोआप जोडणारी-तोडणारी डबी) अर्थही तशाच घासल्या. कटआउटचं झाकण मी उघडायला निघाले होते. चाचा म्हणाले, ते चालतंय ना, मग त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

डेकची काळी आता बॅटरीवर जात नाही. डॅशच्या मागे पत्र्याच्या आडव्या पट्टीवर, अँटेनाच्या अर्थपासून हातभर अंतरावर, स्वच्छ घासलेल्या जागी तिचा थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी. पेटीची टांगणी रंगवलेली आहे, तिच्यावर अर्थचा भरवसा ठेवू नये. पिवळी मात्र थेट बॅटरीवरच ठेवली. डॅशमधल्या जुन्या वायरीवर घेतली होती तेव्हा हॉर्न दाबला की डेक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

मोजमाप, स्टार्टर फिरताना, बॅटरीच्या खांबापासून बॉडीपर्यंत: सकाळी २.८ व्होल्ट, संध्याकाळी ०.१५. बाबांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बॅटरी बदललीस का?"

चाचांची मजुरी ८००. पट्ट्या, थिंबल, वॉशर ४८०.

रविवार, १८ फेब्रुवारी

इंजिन बंद असताना ७९२ सुरेख लागतं. इंजिन चालू केलं की 'टक टक टक टक', ॲक्सिलरेटर दाबला की जलद. त्यावर एक बारीक शिट्टी, तीही इंजिनाबरोबर चढणारी. हे दोन वेगळे रोग आहेत हे कळायला सकाळ गेली.

टकटक प्लगच्या ठिणगीची. जुन्या गाडीत प्लगच्या जाड वायरी साध्या तांब्याच्या आणि प्लग साधे, म्हणजे प्रत्येक ठिणगी छोटं रेडिओ स्टेशनच. दुचाकीला येतात तशा पाच हजार ओहमच्या प्लग कॅप चार घेतल्या. आधी मात्र मीटरवर मोजून घ्या, माझ्या चारांतली एक आतून तुटलेली निघाली, दुकानदाराने बदलून दिली. कॅप बसवल्यावर टकटक तीन चतुर्थांश गेली. उरलेल्यासाठी कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) पॉझिटिव्ह टोकावर, म्हणजे जिथे चावीकडून वायर येते तिथे, एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बॉडीला. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जी वायर डेल्कोत (प्लगना ठिणगी वाटणारा डबा) पॉइंटकडे, म्हणजे उघडमीट करणाऱ्या टोकांकडे, जाते तिच्यावर, लावायचा नाही, ठिणगीच बिघडते.

शिट्टी डायनामोची. तिच्यासाठी तसाच कंडेन्सर डायनामोच्या मोठ्या टोकावर, डी लिहिलेल्या. शेजारी लहान टोक असतं, एफ. मी चाचांना फोन करून विचारलं, दोन्हीवर लावू का? ते म्हणाले, "एफला लावाल तर कटआउटचे पॉइंट जळतील, मग माझ्याकडेच याल." डीवर लावला. शिट्टी गेली.

तरी एफएमवर एक फुसफुस राहिली. पुन्हा सगळं खोलायच्या बेतात होते. मग लायटरच्या सॉकेटमधला दीडशे रुपयांचा मोबाइल चार्जर उपसला आणि फुसफुस जागच्या जागी थांबली. त्या चार्जरने माझे पावणेदोन तास खाल्ले.

एएम अजून पडेल आहे. जुन्या रेडिओंच्या अंगावर अँटेना जुळवायचा एक बारीक स्क्रू असायचा, नव्यांत नसतो. म्हणून अँटेनाच नीट हवी. मडगार्डखाली हात घालून पाहिलं तर बुडाशी चिखल आणि गंज, जाळी बॉडीला टेकतच नाही. नवी अँटेना ४५० रुपये, त्याच भोकात, खालचा पत्रा घासून. बसवण्याआधी मीटरने तीन गोष्टी बघितल्या: दांडी ते प्लगचं टोक जोडलेलं, प्लगचा बाहेरचा भाग ते बॉडी जोडलेला, आणि दांडी ते बॉडी मुळीच जोडलेली नाही. दुपारी कात्रजच्या घाटात चढणीवरही बातम्या स्वच्छ आल्या. बाबांनी आवाज इतका मोठा केला की शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

या गाडीच्या चावीला ॲक्सेसरीचं वेगळं ठाणं नाही. चावी 'चालू' म्हणजे इग्निशन चालू. गाडी उभी करून गाणी ऐकत बसलं आणि पॉइंट नेमके मिटलेले असले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापत राहते. डेकची लाल वायर चावीवर द्यायची तर हा घोळ, थेट बॅटरीवर द्यायची तर डेक विसरून राहणार.

डॅशखाली तीन ठाण्यांचा टॉगल स्विच लावला. वर केला की लाल वायर चावीवर, मध्ये बंद, खाली केला की थेट बॅटरीवर. बुधवारी लावला, गुरुवारी मैत्रिणीबरोबर भुट्टे खात गाणी ऐकली आणि स्विच खालीच राहिला. शनिवारी सकाळी बॅटरी ८.९ व्होल्ट. शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून चालू केली. आता खालच्या ठाण्याला एक लाल एलईडी जोडलाय, थेट ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर. कुरूप दिसतो.

त्या निमित्ताने सगळं बंद असतानाचा करंटही मोजला. बॅटरीचा निगेटिव्ह सोडून मधे मीटर: ३८ मिलिअँपिअर. महिनाभर गाडी उभी राहिली तर सत्तावीस अँपिअर-तास जाणार, आणि बॅटरी आहे पस्तीसची. डेकची स्मृती इतकी खादाड नसते. शोधलं तर पुन्हा तोच लायटरचा सॉकेट. मी तो त्या अनाथ लाल वायरीवर जोडला होता, आणि चार्जर रिकामा असतानाही पीत होता. सॉकेट चावीवर घेतला. आता ४ मिलिअँपिअर, म्हणजे महिन्याला तीनच्या आसपास. चालेल.

रविवार, ३ मार्च

कामानिमित्त मुंबईला गेले तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात चक्कर टाकली. ही गाडी कुर्ल्यातच बनायची. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, आणि त्यांचे अवयव तिथे ढिगाने पडलेत. मागच्या काचेखालचं शेल्फ मिळालं, १२ मिलिमीटर प्लायचं, कुणा टॅक्सीवाल्याने केलेलं, सहा इंची स्पीकरची भोकं तयार. निळ्या दिव्यांची माळसुद्धा लगडलेली होती. सहाशे रुपये. माळ काढताना जीवावर आलं.

आमच्या मूळ शेल्फचा हार्डबोर्ड पावाच्या कापासारखा मऊ झाला होता, तो कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. टॅक्सीचं शेल्फ डावीकडून अर्धा सेंटिमीटर घासल्यावर बसलं. नवे स्पीकर २,६०० ची जोडी. पुढे स्पीकर नाहीत. प्लायच्या पायपेट्या करायचा विचार होता, पण या गाडीत इंजिनाचाच आवाज इतका असतो की चार स्पीकर म्हणजे चैन. खोक्यावर 'पन्नास वॉट गुणिले चार' लिहिलंय, प्रत्यक्षात सलग वीसच्या आतबाहेर मिळतात.

रविवार, १० मार्च

रात्रीची चाचणी. हेडलाइट, वायपर, डेक सगळं चालू. पळताना १३.८ व्होल्ट. सिग्नलला उभी राहिली की डायनामो काही देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो आणि मीटर १२ च्या खाली येतो. लांब सिग्नलला मी हेडलाइट बारीक करते. आवाज मात्र तुटला नाही. अल्टरनेटर बसवा असं तिघांनी सुचवलं, बाबांनी तिघांशी बोलणं कमी केलंय.

खर्च लिहून ठेवते. डेक ५,४०० आणि त्याची दुरुस्ती ३५०. वायर ६४०, अर्थच्या पट्ट्या वगैरे ४८०, चाचा ८००. प्लग कॅप आणि कंडेन्सर ४२०, अँटेना ४५०, स्विच आणि फ्यूजची घरं ३९०. पेटीचं सामान ७००, शेल्फ ६००, स्पीकर २,६००. आणि ती न वापरलेली किट ९००, कुणाला हवी असेल तर सांगा. एकूण १३,७३०. वेळ मोजला तर एक्केचाळीस तास, त्यातला डेक बसवण्याचा चार.

परत करायचं झालं तर क्रम उलटा ठेवीन: अर्थच्या पट्ट्या, अँटेना, फ्यूज, आणि डेकचं खोकं सगळ्यांत शेवटी उघडेन.

एक दोष राहिलाय. इंडिकेटर दिला की ७९२ वर फ्लॅशरची 'टिक, टिक' ऐकू येते. कंडेन्सर आणून ठेवलाय, पंधरा मिनिटांचं काम. बाबा लावू देत नाहीत. वळण झाल्यावर इंडिकेटर बंद करायचा राहिला की आता कळतं म्हणे.